सेगुलाबाईचा भरला दिवा

फार मागची गोष्ट. खारशेतच्या खाडीवर तेव्हा ना पूल होता, ना धक्का. गावात एक इस्राएली, म्हणजे यहुदी, घर होतं, तेलाचा घाणा चालवणारं. शनिवारी ते बैल सोडायचे, चूल थंड ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घरात दोनच माणसं, हसाजी आणि त्याची बायको सेगुलाबाई. पदरी पोर नाही. बारशाला तिला कुणी बोलवायचं नाही. पण त्यांच्यातला धर्म सांगणारा, त्याला ते काजी म्हणत, त्यानं तिला नबीचं एक वचन सांगितलं होतं. देव म्हणतो, निपुत्रिकानं माझा शब्बाथ, शनिवारचा विसावा, पाळला, तर त्याला मी लेकालेकींहून थोर नाव देईन, कधी न पुसणारं. तेवढ्यावर ती जगत होती.

एकदा हसाजी घरातलं सगळं तेल मचव्यात घालून बाजाराला गेला. शुक्रवारी दुपारीच परतायचा, पण वारं फिरलं. शनिवारी दिवस कलताना काळंकुट्ट भरून आलं आणि मचवा खाडीच्या तोंडाशी दिसला. मचव्यांना वाट दाखवायला तिथल्या खडकावर तेलाचा दिवा असे, तो कोरडा. गावातले तेलाचे बुधले कोरडे. पावसात जाळ धरेना.

कोळ्यांची धाकलीबाय धावत आली. "अगो सेगुला, बैल जुंप! तीळ पडलेत ना घरात!"

"तीन चांदण्या दिसल्या की जुंपते. शब्बाथ सुटला नाय अजून."

"मेल्ये, आभाळ भरलंय. चांदण्या काय तुझा बाप दाखवणार? तुझाच माणूस हाय त्या मचव्यात!"

"म्हणूनच नाय. माझ्या माणसासाठी मोडला, तर देवाकडं कुठल्या तोंडानं मागू?"

आणि कुणी बैल जुंपू नये म्हणून ती घाण्यापुढं आडवी झाली. तोंड वर, डोळे चांदणी शोधत उघडे. पाऊस डोळ्यांत पडत होता, पापणी मिटली नाही. असं म्हणतात, त्या दिवशी आभाळानंच तिच्याशी वैर धरलं. एक चांदणी दिसली नाही. मचवा खडकावर फुटला. रिकामे बुधले लाटांवर नाचत तिच्या दारापर्यंत आले. हसाजी नाही आला.

पुढं कोचीनहून त्यांच्यातलाच एक शिकलेला माणूस आला. त्यानं सहज सांगितलं, "बाई, जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचा. तीही देवाचीच आज्ञा."

एवढी गोष्ट काजीलाही ठाऊक नव्हती. पूर्वज समुद्र ओलांडून आले, तेव्हा ती वाटेतच गळाली होती.

"मग मेल्या, आधी का नाय आलास?" सेगुलाबाई एवढंच बोलली. त्यानंतर कुणाशीच बोलली नाही.

शब्बाथ तिनं सोडला नाही. पण दर शुक्रवारी तेल गाळून खडकावरचा दिवा काठोकाठ भरायची. बैल मेला, तर जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. असं म्हणतात, ती गेली त्या आठवड्यात दिव्यात कुणी तेल घातलंच नाही, तरी तो भर वादळात जळत राहिला आणि गावचे सगळे मचवे त्या उजेडात घरी आले.

नाव राहिलं. देवानं शब्द पाळला म्हणायचं. पण ऐकायला ना ती आहे, ना हसाजी. असलं नाव काय चाटायचंय?

खारशेतात आजही शुक्रवारी दिवस बुडायच्या आत घराघरातून पळीभर तेल त्या दिव्यात पडतं, सेगुलाबाईचं नाव घेऊन. घरात मयत झालेलं असलं तरी आधी दिवा भरतात. मयत मग उचलतात.