खेळी ह्यांची आहे

मंगळवारी मी मेथी निवडत होते, तेव्हा मोबाइलवर बुद्धिबळाच्या ॲपची सूचना आली. मोफत खेळातले अर्धवट डाव आठ दिवसांत पुसणार. ठेवायचे असतील तर दोन्ही खेळाडूंनी पैसे भरून प्रीमियम घ्यावं. माझा एकच डाव अर्धवट होता, ह्यांच्याबरोबरचा. ह्यांना जाऊन चार महिने झाले होते.

मी ॲपच्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"प्रीमियम ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं, बाई. गेलेल्या माणसाचा डाव आम्ही का सांभाळायचा? इतके दिवस फुकट खेळलात, तेवढं पुरे."

"बरोबर आहे. पण तुम्ही ह्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी निरोप पाठवता. 'जनार्दनराव, तुमची आठवण येते. परत या, खेळी तुमची आहे.' आजही आला."

"तो आपोआप जातो हो."

"जाऊ द्या. पण इतक्या आग्रहानं बोलावताय, आणि उद्या ते खरंच आले, तर बसवणार कुठे?"



"डाव राहील, बाई. निरोप थांबवू का?"

"नको."

डाव तसाच आहे. ह्यांचा घोडा अडकला आहे. ह्यांनी अजून खेळी केलेली नाही.