कुलपातलं ताक

"म्हणजे भिकाजी तुला ताकातून विष घालतो, असं म्हणतोस?"

"घालत असेल, असं म्हणतो, महाराज. बाकी आपण जाणते आहात."

एवढं बोलून त्र्यंबक खांबाला टेकला. त्याला मळमळत होतं, पोटात ढवळत होतं. शास्त्रं शिकून आलेला, पाठांतरात मठात कुणाला हार न जाणारा हा शिष्य हल्ली दुपारची पंगत उठली की मागच्या निवडुंगापाशी वाकून उभा दिसायचा.

त्याचे गुरू धुंडीनाथ आता थकले होते. आपल्यामागे गादीवर कोण बसणार, ते दत्तजयंतीला सांगणार होते. नावं दोनच. एक त्र्यंबक, आणि दुसरा भिकाजी, मठाची चूल सांभाळणारा जुना शिष्य.

गुरूंनी आधी साध्या गोष्टी विचारल्या. उपास फार होतात का? जागरण होतं का? उन्हातून डोंगर चढून आल्या आल्या गटागटा पाणी पितोस का? पित्ताची खोड आहे का?

त्र्यंबकाने सगळ्याला नकाराची मान हलवली. दुखण्याचं कारण त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. आता भिकाजीने गाठोडं बांधून मठाबाहेर व्हायचं, एवढंच राहिलं होतं.

"तेच ताक आम्ही सगळे पितो," गुरू म्हणाले.

"आणि ढवळतं मला एकट्याला. यातच सगळं आलं, महाराज."

...

मग त्याने सगळं सविस्तर सांगितलं. दसऱ्याला गादीचा विषय निघाला, त्याच संध्याकाळी त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. भिकाजी त्या दिवशी त्याच्याकडे पाहून हसला होता. विनाकारण कोण हसतं?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ताक घुसळून होईपर्यंत तो रवीजवळ ठाण मांडून बसू लागला. आपला वाटा आपल्या पितळी तांब्यात घ्यायचा, वर झाकण, तांब्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलपाला बारीकसा दोरा. दुपारी पंगतीला बसताना तो स्वतः कुलूप काढी, तेच ताक पिई आणि उरलेलं पुन्हा तसंच कुलपात ठेवी.

"दोरा तुटलेला असतो?"

"नाही. तसाच असतो." त्र्यंबकाने आवाज खाली आणला. "बघा ना, माणूस किती सफाईचा आहे."

धुंडीनाथ हसले असावेत. दाढीमुळे नक्की कळत नसे.

"मळमळ आधी सुरू झाली, की कुलूप आधी लागलं?"

...

"कुलूप," त्र्यंबक म्हणाला. मग घाईने म्हणाला, "बरं झालं लावलं. नाहीतर एव्हाना माझं काही खरं नव्हतं."

गुरूंनी भिकाजीला हाक मारली. तो पिठाच्या हातांनीच आला. आळ काय आहे ते त्याने उभ्यानेच ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. मठाबाहेर त्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं.

"महाराज म्हणाले तर आत्ता निघतो," तो म्हणाला. "तव्यावरची भाकरी तेवढी उलटून येऊ?"

साळसूदपणा बघा, त्र्यंबकाच्या मनात आलं.

गुरूंनी भिकाजीला हाताने थांबवलं आणि तांब्या मागवला. त्र्यंबकाने दोरा दाखवला, पेटी उघडली, झाकण काढलं. तळाशी थोडं ताक उरलं होतं. धुंडीनाथांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच बाजूला थुंकले.

"कळकलंय."

त्यांनी उपरण्याचं टोक तांब्यात घालून फिरवलं. टोक हिरवट होऊन बाहेर आलं. आतून तांब्या पिवळाधमक दिसत होता, कल्हईचा ठिपकासुद्धा नव्हता. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, आणि पोटात गेलं की ढवळतं, हे मठातल्या गाई सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्र्यंबकालाही होतं.

"कल्हई कुठे गेली?"

"होती, महाराज. दसऱ्याच्या आधीच करून घेतली होती."

"तांब्या घासतं कोण?"

"मीच. दुसऱ्याला हात लावू देत नाही."

"कशाने?"

त्र्यंबकाने तांब्याच्या आत पाहिलं. "विटकरीच्या भुकटीने. आतून रगडून घासतो... कुणी काही फासलं असेल, तर निघून जावं म्हणून."

...

आतून करपल्याचा वास आला. गुरूंनी भिकाजीला चुलीकडे जायला सांगितलं. तो डोळे पुसत धावला.

त्र्यंबकाची मान खाली गेली. त्याला खरोखरच लाज वाटली. एका गरीब माणसाचा आसरा आपण तोडायला निघालो होतो, हे त्याला आतून लागलं. पाय धरायला तो पुढे वाकला... आणि अर्ध्यावरच थांबला.

"एक विचारू, महाराज?"

"विचार."

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा वळून पाहिलं.

"विटकर कितीही रगडली, तरी कल्हई इतक्या लवकर जाईल का? नाही म्हणजे... कल्हईवाला आला होता ना, तेव्हा भिकाजी बराच वेळ त्याच्याशी बोलत बसला होता."

धुंडीनाथांनी तांब्या उचलला, उरलेलं ताक तुळशीपासून लांब मातीत ओतलं आणि तांब्या पालथा घातला.

"अजून मळमळतंय का रे?"