हाकेच्या माळावरचा दिवा

हा समोर पसरलाय तो हाकेचा माळ, आणि तुम्ही टेकून बसलात तो ओ-धोंडा. टेका खुशाल, फक्त वर पाय ठेवू नका; ओ देणाराच त्यावर चढतो. त्यावर पांढरे डाग दिसतात ना, ते मिठाचे आहेत. आमच्या मोरघोळ गावात इथे नारळ फोडत नाहीत, मिठाचा खडा ठेवतात. पावसाळ्यात विरघळून जातो, कार्तिकात पुन्हा ठेवतात.

तुम्ही आलात ते दिवे बघायला, हे मला ठाऊक आहे. माळ संपतो तिथे कडा आहे आणि कड्यापुढे सरळ खाली कोकण. त्या पोकळीत, जिथे पाय ठेवायला जमीन नाही, तिथे वर्षातून एखाद-दोन वेळा उजेड दिसतो. पिवळसर असतो आणि एका जागी थांबतो. मग खाली जातो, वर येतो. असं तीनदा करून दरीवरून लांब निघून जातो. मी बहात्तर वर्षांचा आहे आणि आजवर पाच वेळा पाहिलाय. पाचही वेळा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

तो काय आहे, हे सांगणारेही पुष्कळ आले. एक प्राध्यापक म्हणाले, दलदलीतला वायू पेटतो. म्हटलं, साहेब, इथे उन्हाळ्यात गुरांना पाणी मिळत नाही, दलदल कुठून आणू? दुसरे म्हणाले, समुद्रातल्या होड्यांचे दिवे हवेमुळे उचलल्यासारखे दिसतात. असेलही. तिसऱ्यांनी घाटातल्या मोटारींवर ढकललं, पण माझ्या आजीने पाहिला तेव्हा घाटात मोटार नव्हती. एका पोराने तर ते दिवे दुसऱ्या ग्रहावरच्या लोकांचे ठरवले. एवढ्या लांबून येऊन आमच्या माळावर त्यांना काय मिळणार, नाचणी? मी कुणालाच खोटं पाडत नाही. आमच्याकडे जे सांगतात, तेवढं तुम्हाला सांगतो.

पूर्वी घाटमाथ्याला मीठ कोकणातून येई, माणसांच्या डोक्यावरून. दिवाळी सरली की गावातले गडी टोळीने नाळेतून खाली उतरायचे आणि मिठाचे बोजे घेऊन वर यायचे. ही नाळ म्हणजे कड्यातली उभी घळ, तीच वाट. वर येईपर्यंत बहुधा अंधारायचं. मग नाळेच्या तोंडाशी पुढचा गडी आपली चूड, म्हणजे काटक्यांची मशाल, तीनदा खालीवर करायचा. गावातून ते दिसलं की बायका चुलीवर पाणी ठेवायच्या, भाकरीला बसायच्या. गडी गावातले दिवे समोर धरून माळ ओलांडायचे. हा माळ कोयत्यासारखा वाकडा आहे. दिवे नजरेआड झाले आणि नाकासमोर चालत राहिलं, तर माणूस फिरून कड्यावरच येतो.

एका वर्षी आठजण गेले होते म्हणे. पुढारी होता धाऊ. त्याची बायको भिवरा, तिचे दिवस भरत आलेले. आणि धाऊचा बाप सुभाना, गावातला सगळ्यात वडीलधारा माणूस. त्याचा शब्द गावात कुणी मोडत नसे.

कार्तिकातली अवस होती. अवसेला गडी वाटेला लागत नाहीत, हा रिवाज, त्यामुळे त्यांची वाट कुणी पाहत नव्हतं. दिवेलागण होऊन गेली होती. पोरं अंगणात होती, आणि कुणीतरी माळाकडे बोट केलं. कड्यावर दिव्यांची रांग चालत होती.

अवसेला वेताळाची फेरी निघते, असं त्या काळी सगळे मानत. फेरी दिसली की काय करायचं, हे पोराटोरांनाही पाठ होतं. दारं लावायची, दिवे विझवायचे आणि हाक आली तरी ओ द्यायची नाही. सुभानाने तेच सांगितलं. घराघरातून दिवे विझत गेले.

भिवरा उंबऱ्यात उभी होती. तिला रांगेतला पहिला दिवा खाली जाताना आणि वर येताना दिसला. एकदा, दोनदा, तीनदा.

"मामंजी, ही आपली मानसं हायती," ती म्हणाली. "चूड हलवली त्यांनी."

"आपली मानसं अवसंला निगत न्हाईत, पोरी. त्यो बी सोंग घेतो. इजव दिवा."

"माझं दिस भरल्यात म्हून निगालं असतील."

"गावात ल्हान लेकरं हायती. इजव म्हन्तो ना!"

आणि भिवराने आपल्या तोंडाने फुंकर घालून दिवा विझवला. ही गोष्ट सांगताना माझी आजी इथे नेहमी थांबायची. वेताळाला भिऊन नव्हे, सासऱ्याचा शब्द मोडवेना म्हणून विझवला, असं ती सांगायची. सुभानाही दुष्ट नव्हता हो. धाऊ त्याचा एकुलता एक मुलगा होता. त्याला गाव वाचवायचं होतं.

गाव काळं झालं. दरीतून ढग चढत होता, तो माळावर पसरला. मग हाका ऐकू येऊ लागल्या. आधी नुसत्या, मग नावाने. सुभानाला 'बा' म्हणून हाक आली. भिवराचं नाव आलं. आवाज धाऊचाच होता, पण वेताळ घरच्या माणसाचा आवाज काढतो हेही सगळ्यांना पाठ होतं. लोक कानांवर हात ठेवून बसले. भिवराही बसली. किती वेळ, ते कुणी सांगत नाही.

मग एक हाक लांबून आली, पहिल्यापेक्षा लांबून, आणि तिच्या पोटातलं मूल फिरलं म्हणतात. ती उठली. चुलीतला निखारा फुंकून तिने चूड पेटवली, कडी काढली आणि अवघडलेल्या अंगाने माळ चढू लागली. सुभाना आधी ओरडला, मग काठी घेऊन तिच्या मागे निघाला.

ती या धोंड्यावर चढली. चूड डोक्यावर धरून तिने पहिली ओ दिली. ढगात विखुरलेले दिवे थबकले आणि एकेक करून तिच्याकडे वळले. एक आला, तीन आले, सात आले. मिठाच्या पाण्याने भिजलेले, थरथरणारे, चांगले हाडामांसाचे गडी.

"धाऊ कुटं हाय?" तिने विचारलं.

कुणी वर बघेना. शेवटी एकजण म्हणाला, "गावातलं दिवं एकदम गेलं, वैनी. आमास्नी वाटलं दिशा चुकली. तुमी हितंच थांबा, मी म्होरं हून वाट बगतो, म्हनला. त्येची चूड म्होरं गेली. मग दिसली न्हाई."

भिवराने पुन्हा ओ दिली. घसा फुटेपर्यंत देत राहिली. तेवढ्यात, असं सांगतात, कड्यावरचा ढग आपोआप दुभंगला. कड्याच्या पुढे, नुसत्या पोकळीत, एक दिवा उभा होता. त्याच्याखाली जमीन नव्हती आणि त्याला धरणारा कुणी दिसत नव्हता. तो संथपणे खाली गेला, वर आला. तीनदा. घरी पाणी ठेवा, मी पोचलो, असं सांगितल्यासारखा. मग दरीवरून लांब लांब गेला आणि चांदण्यांत मिसळला. नऊ माणसांनी पाहिला, सुभानानेही. त्याने डोक्यावरचं पागोटं काढून या धोंड्यापाशी ठेवलं आणि तो खाली बसला.

उजाडल्यावर कड्याच्या अगदी कडेला धाऊचा मिठाचा बोजा सापडला, नीट उतरवून ठेवलेला. वाट शोधायला त्याने हात मोकळे केले असावेत. खाली नाळेच्या अंगाला तो स्वतः सापडला.

सुभाना त्याच कड्यावरून जीव द्यायला निघाला होता. भिवराने त्याला अडवलं. "दिवा मी बी इजवला, मामंजी. दोगं बी मेल्यावर दिवा कोन लावंल?" मग गाव जमलं तेव्हा ती सगळ्यांसमोर बोलली. बाईने असं बोलायची रीत नव्हती, पण त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही तिला गप्प करायची.

"आजपास्नं माळावर उजेड दिसला तर दिवा इजवायचा न्हाई. लावायचा. हाक आली तर ओ द्यायची."

"आन् भूत असलं तर?" कुणीतरी भीत भीत विचारलं.

"भूत असलं तरी कुनाच्या तरी घरचंच असंल," भिवरा म्हणाली.

धाऊचं मीठ तिने गावाला वाटलं आणि उरलेला खडा इथे ठेवला. आठवड्याने तिला मुलगा झाला. सुभाना मरेपर्यंत रोज दिवेलागणीला चूड घेऊन या धोंड्यावर येत असे. त्याला तो दिवा पुन्हा दिसला की नाही, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

गेल्या कार्तिकात एक संशोधक आले होते, मोठा कॅमेरा घेऊन. आमचा रिवाज ऐकून हसले, पण मोकळ्या मनाने. संध्याकाळी एकटेच कड्याकडे गेले आणि ढग चढला. गावातून माळावर एक उजेड भटकताना दिसला. घरोघरी दिवे लागले, माझी सून चूड घेऊन धोंड्यावर उभी राहिली आणि ओ देत राहिली. तासाभराने ते तिच्या उजेडावर चालत आले. घरी त्यांना चहा दिला. मला म्हणाले, "आबा, मीच आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "कळलं नव्हतं, साहेब. आम्हाला वाटलं, धाऊ आला."

 जाताना त्यांनी इथे मिठाचा खडा ठेवला.

आजही माळावर उजेड दिसला की मोरघोळात आधी दिवा लागतो, आणि तो कसला होता याची चर्चा नंतर, चहा पिताना होते. आता दिवेलागण होत आली. खाली बघा, माझ्या घरचा दिवा लागलाच. तुमचं नशीब असेल तर आज दिसेलही. दिसला तर फोटो मागाहून काढा. आधी ओ द्या.