कडेला उभे राहा, शेठ!

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा, विकणाऱ्याच्या जिभेवर की त्याने निवडून दाखवलेल्या फोटोंवर?

सावंतवाडीची कुमुद केळुसकर लग्नाचे फोटो काढायची. ग्रुप फोटोत कडेला उभ्या मामांचा चेहरा पुसट आला की रुसवा ठरलेला, आणि त्या घरचं पुढचं काम गेलंच. म्हणून ती सगळं वऱ्हाड कडेपर्यंत स्वच्छ टिपणारी वाइड अँगल लेन्स घ्यायला पोंक्षेशेठच्या दुकानात आली.

शेठनी नमुन्याचे फोटो पसरले. "बघ, नवरदेवाची पापणी न् पापणी दिसते! पण तुम्हा पोरींना यातलं काय कळणार?"

कुमुदने पाहिलं. प्रत्येक फोटोत माणूस मधोमध आणि चारी कोपऱ्यांत नुसतं आभाळ. आभाळ धुरकट आलं तरी कळतंय कुणाला! ती गोड हसली.

"घेते की, शेठ. आधी याच लेन्सने दुकानातल्या गिऱ्हाइकांसोबत तुमचा एक फोटो काढते. तुम्ही असे अगदी कडेला उभे राहा."

"छे छे, मी मधे!" शेठ घाईने सरकले. "कडेला चेहरा धुरकट येतो गो!"

"मग आमच्या मामांनी काय पाप केलंय?"

दुकान खदखदून हसलं. शेठनाही हसू आवरेना. त्यांनी कपाटातली चांगली लेन्स काढून दिली.

तेव्हा मंडळी, मधलं दाखवून कडा लपवणं म्हणजे जमा ठळक लिहून खर्च झाकणं; तसं करू नका. हिशेब खरा ठेवा, एवढीच विनंती.