कासाराला न सोसलेले प्रश्न

एका बाजारगावात धोंडिराम नावाचा कासार राहत होता. त्याचे बांगड्यांचे दुकान होते आणि जत्रांना माल नेण्यासाठी एक जुनी व्हॅन होती. माल धोंडिराम आणी, पण बांगड्या भरण्याचे काम त्याच्या बायकोचे, इंदुमतीचे. बाईचा हात कितीही कडक असो, इंदुमती तो दाबून दाबून मऊ करी आणि काचेची बांगडी अलगद मनगटावर चढवी. गिऱ्हाइके तिच्या हातासाठीच येत. दुकान त्या हातावर चालले आहे, हे धोंडिरामालाही ठाऊक होते.

कासाराकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. सौभाग्याच्या वस्तूबद्दल वावगे बोलू नये, एवढाच त्यातला भाव. धोंडिरामाने मात्र ही रीत भलतीच ताणली होती. आजारपण, अपघात, नुकसान, यातला एकही शब्द त्याला दुकानात चालत नसे. कोणी बोललेच, तर हा कानांवर हात ठेवून देवाच्या तसबिरीकडे बघत राही.

अशा माणसाला विमा विकायचा म्हणजे अवघडच. गावातली विमा प्रतिनिधी रेवती तरीही एकदा त्याच्याकडे गेली. शेजारच्या शिंप्याचे दुकान नुकतेच जळाले होते, त्यामुळे आगीपुरते बोलून घ्यायला धोंडिराम तयार झाला. दुकानाचा आगीचा विमा त्याने घेतला. रस्त्यात पोलीस कागद मागतात, म्हणून व्हॅनचा सगळ्यात स्वस्त, कायद्याने लागतो तेवढाच विमाही घेतला.

"काका, या कागदात तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई मिळते," रेवती म्हणाली. "पण तुमचीच गाडी ठोकली तर? वाटेत माल फुटला तर? काकूंना कधी दवाखान्यात..."

"बास!" धोंडिराम ओरडला. "भरल्या दुकानात असलं अभद्र बोलतेस? विमा झाला ना? सही कुठं करायची ते दाखव."

"अहो, ऐकून तर घ्या," इंदुमती म्हणाली.

त्याने ऐकले नाही. रेवतीनेही फार नेट लावला नाही. तिला आणखी दोन घरे गाठायची होती.

पुढे जत्रा आली. वर्षाची निम्मी विक्री त्या तीन दिवसांत होई. नवराबायको व्हॅन काठोकाठ भरून निघाले. एका वळणावर म्हैस आडवी आली. धोंडिरामाने गाडी वळवली, ती थेट चहाच्या टपरीत घुसली आणि कलंडली. टपरी मोडली, टपरीवाल्याचा पाय मोडला. आतल्या बांगड्यांचा चुरा झाला. धोंडिरामाला नुसते खरचटले, पण इंदुमतीच्या उजव्या मनगटाची हाडे मोडली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले.

धोंडिराम दोन्ही कागद घेऊन रेवतीकडे गेला. तो अगदी निर्धास्त होता. विमा म्हणजे विमा, त्यात आणखी काय बघायचे, अशी त्याची समजूत.

रेवतीने कागद उलगडले. "टपरीवाल्याला पायाची आणि टपरीची भरपाई मिळेल. गाडीचा कागद त्याच्यासाठीच आहे. तुमच्या व्हॅनचं काही मिळणार नाही, त्याला सर्वसमावेशक विमा लागतो. गाडीत बसलेल्या काकूंचाही यात समावेश नाही, तो जादा पैसे भरून करून घ्यावा लागतो. माल दुकानात जळाला असता तर आगीच्या विम्यातून मिळालं असतं. वाटेतल्या मालाचा विमा वेगळा, आणि काच फुटली तर भरपाई मिळेल, हे त्यातही मुद्दाम लिहून घ्यावं लागतं."

"आणि हिचं ऑपरेशन?"

"ते आरोग्य विम्यात बसलं असतं, काका. तो तुम्ही काढलाच नाही."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

रेवतीने कागदावरच्या त्याच्या सहीवर बोट ठेवले. आपण तिला कसे गप्प केले होते, ते धोंडिरामाला बोलता बोलताच आठवले. त्याची मान खाली गेली.

व्हॅन भंगारात गेली. इंदुमतीच्या सोन्याच्या पाटल्या विकल्या. ऑपरेशन झाले, पण मनगट पूर्वीसारखे वळेना.

वर्ष सरले. टपरीवाल्याला भरपाई मिळाली. त्याने नवी टपरी उभी केली आणि पेढे घेऊन दुकानात आला. माणूस भला होता, त्याच्या मनात काही वाकडे नव्हते.

"कासार, तुमच्या विम्यानं मला तारलं बघा," तो म्हणाला.

त्या वेळी धोंडिराम एका नव्या नवरीला बांगड्या भरत होता. त्याच्या हातून दोन बांगड्या तडकल्या होत्या, पोरीने हात मागे ओढला होता. इंदुमती शेजारी बसून नुसती सांगत होती, "अंगठा आत घ्या. हळू." धोंडिरामाने पेढा घेतला आणि तो न खाता इंदुमतीच्या डाव्या हातावर ठेवला. परक्या माणसाचा पाय त्याच्या कागदाने सावरला होता आणि घरच्या बाईच्या हातासाठी त्याच्याकडे कागदच नव्हता.

काही दिवसांनी रेवती दुकानाच्या विम्याच्या नूतनीकरणासाठी आली. सवयीने तिने सहीचा कागद धोंडिरामापुढे ठेवला. इंदुमतीने तो डाव्या हाताने आपल्याकडे ओढला.

"सही नंतर," ती म्हणाली. "आधी वाचून दाखव. आणि कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत, तिथनंच सुरुवात कर."

तात्पर्य: संकटाचे नाव टाळल्याने संकट टळत नाही, म्हणून विमा कशाचा आहे, कोणासाठी आहे आणि कोणत्या नुकसानीला लागू नाही, हे सही करण्याआधीच विचारून घ्यावे.