आवडाबायचा घोट

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारायचं नाही. आमच्या खाजणवाडीत ते विचारलं की जो तो नुसता हात मागे उडवून दाखवतो.

खाडीच्या काठावर तेव्हाही माडीचा मांडव होता. चार खांब, वर माडाची चुडतं, आत दोन बाकं आणि एक चूल. माडावर चढून माडी काढणारे भंडारी दुपारी उतरले, होडीवाले खाडीतून वर आले, की इथेच येऊन टेकायचे. करवंटीतून माडी प्यायची, केळीच्या पानावर तांदळाची भाकरी आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं खायचं, आणि ज्याच्याशी सकाळी भांडण झालं त्याच्याच शेजारी बसून ढेकर द्यायचा. गावात जाण्यासारखं दुसरं ठिकाण नव्हतं. आजही नाही.

या मांडवाच्या घरात आवडा सून म्हणून आली. नवऱ्याचं नाव धाकू. तो माडावर चढायचा आणि त्याची आई मांडव चालवायची. आवडा इतकी गप्प होती की आठ दिवसांनी सासूने विचारलं, "काय गो, जीब हा मां तुका?"

"हा," आवडा म्हणाली आणि पुन्हा गप्प झाली.

मग सासूने तिला जिभेचंच काम दिलं. सकाळी आलेल्या प्रत्येक मडक्यातला एक घोट चाखायचा आणि गोड कुठली, आंबट व्हायला लागलेली कुठली ते सांगायचं. पहिल्या दिवशी आवडाने गोड आणि आंबट वेगळी केली. दुसऱ्या दिवशी कुठली माडी कुठल्या माडाची ते सांगितलं. आणि महिन्याभरात तिला काढणाऱ्याचा हातही ओळखू यायला लागला. असं म्हणतात की एकदा घोट घेऊन ती बाबल भंडाऱ्याला म्हणाली, "भावजी, आज घरात भांडून चढलात." बाबल करवंटी खाली ठेवून उठला तो थेट घरी गेला. त्यानंतर गावातले भंडारी चढायच्या आधी बायकोशी गोड बोलून निघायला लागले. बायकांचं म्हणणं असं की मडक्यांपेक्षा हाच फायदा मोठा होता.

धाकूला मात्र ते सोसेना. मांडवात जो येईल तो आधी त्याच्या बायकोकडे बघायचा. कुणी म्हणायचं, "धाकू, तुझ्या घरात खोटा बोलूची सोय नाय रे!" सगळे हसायचे, तोही हसायचा आणि घरी जाऊन जेवायचा नाही. शेवटी त्याने मनाशी ठरवलं, हिची जीभ एकदा तरी चुकवायची.

गावात एक माड होता ज्यावर कुणी चढत नसे. तो देवचाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्याचा. त्याची माडी कुणी कधी चाखलेलीच नव्हती, तेव्हा आवडा ती ओळखणार कशी? धाकू गुपचूप त्या माडावर चढला, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, बांधली, छाटली आणि मडकं लावलं. दोन दिवसांनी पहाटे भरलेलं मडकं घेऊन तो उतरला, तोच समोरून गुरव देवपूजेला येताना दिसला. मडकं बुंध्याशी टाकून धाकू पळाला.

अंधारात पळालेला कोण ते गुरवाला दिसलं नाही, पण मडकं सापडलं आणि तासाभरात सगळा गाव मांडवात जमला. देवचाराच्या माडाला कोयती लावणाऱ्याची कोयती वर्षभर काढून घ्यायची, असा गावचा नेम होता. भंडाऱ्याची कोयती गेली म्हणजे घरातली चूल गेली. संशय बाबलवर आला, कारण त्याचे माड तिथेच शेजारी होते आणि त्याच्या घरात खाणारी तोंडं सात. बाबल शपथा घेत होता. "मी नाय हो चढलंय! माझी पोरां काय खातली?"

धाकू मागच्या खांबाला टेकून उभा होता.

गावकराने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, मडकं आवडापुढे ठेवलं. "कोणाचो हात तो सांग गो बाय. तू सांगशीत तां खरा."

आवडाने करवंटी बुडवली आणि घोट घेतला. असं म्हणतात की तो घोट तिने तोंडात इतका वेळ धरला की खाडीचं पाणी उतरून गेलं. मला ते थोडं जास्त वाटतं. पण वेळ लागला असणार, कारण घोट गिळण्याआधीच तिला हात कळला होता. बाबलचं नाव घेतलं की तिचं घर वाचत होतं. नुसतं कळत नाही म्हटलं तरी वाचत होतं.

"नाव सांग," गावकर म्हणाला.

आवडाने डोक्यावरचा पदर सारखा केला. "तां नाव मी घेणंय नाय."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मांडवातल्या बायकांना कळलं, आणि त्यांच्या नजरेवरून पुरुषांना. बाईमाणूस गावात एकाच माणसाचं नाव घेत नाही. सगळ्या माना मागच्या खांबाकडे वळल्या. धाकू पुढे आला आणि कमरेची कोयती काढून त्याने गावकरापुढे ठेवली. बाबल खाली बसून रडायला लागला.

पण देवचाराच्या माडावर पोय अजून बांधलेलीच होती आणि ती सोडायला चढण्याची एकाही पुरुषाची छाती होईना. तेव्हा आवडाने कासोटा घातला आणि मांडवातली दुसरी कोयती उचलली. गावकर म्हणाला, "बायलमाणूस चढता खंय?" ती म्हणाली, "कोयती तेंची काढलास. माझी नाय." असं म्हणतात की ती बुंध्याशी हात जोडून उभी राहिली आणि माड वाकला, इतका वाकला की तिने जमिनीवर उभं राहूनच पोय सोडली. तो माड अजून वाकलेला आहे, कुणीही जाऊन बघावा. आमचे हे म्हणतात की तो वादळाने वाकला. वाकला हे गावाला आणि यांना दोघांनाही मान्य आहे.

त्यानंतर वर्षभर आवडा माडांवर चढली आणि धाकू चुलीपाशी बसला. पोरं ओरडायची, "घोव रांधता, बायल चढता!" पहिले दोन महिने त्याचं सुकं इतकं वाईट व्हायचं की ते घशाखाली उतरवायला माडी जास्त खपली. आवडा मात्र रोज दुपारी उतरून त्याच्या हातचं पानभर खायची आणि काय कमी होतं ते एका शब्दात सांगायची. "मीठ." "खोबरा." "इस्तव." पाऊस सरेपर्यंत होडीवाले पलीकडच्या गावांतून खास जेवायला यायला लागले. वर्ष संपल्यावर गावकराने कोयती परत देऊ केली. धाकू म्हणाला, "तिका दिया. माझी पेज उतू जाता."

आवडाबाय म्हातारी होऊन घरातच गेली, असं गुरवाच्या घरचे सांगतात. भंडारी म्हणतात की ती एका पहाटे देवचाराच्या माडावर चढली आणि उतरलीच नाही. काही असो, आजही दिवसाचा पहिला घोट त्या वाकड्या माडाच्या बुंध्याशी ओततात, आणि मांडवात चुलीपाशी पुरुषच बसतो.

आणि गावात नवी सून आली की पाचव्या दिवशी तिला मांडवात नेतात. पुढे मडकं ठेवतात, गाव जमतो, आणि गावकर विचारतो, हात कोणाचा? सुनेने घोट घ्यायचा आणि आवडाबायचे शब्द म्हणायचे. मग तिच्या नवऱ्याने सगळ्या मांडवाला रांधून वाढायचं.

मागच्या महिन्यात मलाही नेलं. मी घोट घेतला. माडी आंबट आहे, याखेरीज मला काही कळलं नाही. पण सगळे श्वास धरून बसले होते, म्हणून मीही पदर सारखा केला आणि म्हटलं, "तां नाव मी घेणंय नाय." मांडव हसला. हे उठले, कमरेला पंचा बांधून चुलीपाशी गेले, आणि तासाभराने घामाघूम होऊन पहिलं पान माझ्यापुढे ठेवून समोर उभे राहिले.

मी घास खाल्ला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मीठ," मी म्हटलं.