काचवाटेवरचा बारावा टप्पा

उजेडाचे निरोप नेणारी, काचेच्या तंतूची काचवाट घातल्याला एकेचाळीस वर्षे झाली होती आणि शिशिर लागून नऊ दिवस. त्या वाटेने जाणारा प्रत्येक निरोप दमलेला असे. वाट लांब होती. काच कितीही निर्मळ असली तरी चालणाऱ्याचे बळ थोडे थोडे खातेच.

म्हणून टप्प्याटप्प्यावर काचेत दुर्मिळ मातीचे कण वस्तीला ठेवले होते. टप्प्यावरचा दिवा त्यांना उजेड देई. उजेड मिळाला की कण वरच्या पायरीवर चढे आणि थांबे. निरोप आला की खाली उडी घेई आणि आपला उजेड त्याच्याच रंगाचा, त्याच्याच पावलाचा करून त्याला देई. काम एवढेच.

बाराव्या टप्प्यावरून निरोप फिके निघू लागले. वाट सांभाळणाऱ्या कारभाऱ्याने तिथले कण दुप्पट केले. निरोप आणखी फिके झाले. त्याने चौपट केले.

आता कण खांद्याला खांदा लावून उभे होते. थांबण्याचा कंटाळा येई, म्हणून शेजारी शेजाऱ्याला उजेड देई. घेणारा आणखी वर चढे, तिथून घसरे, आणि उजेडाची नुसती ऊब होई.

"थोरले, इकडे द्या की," एक नवा कण तिथल्या सर्वांत जुन्या कणाला म्हणाला. "कुणासाठी जपून ठेवलाय?"

"निरोपासाठी."

"आला तर उठवू तुम्हाला!"

सगळे हसले. थोरला थकला होता. त्याने उजेड देऊन टाकला. ऊब बरी वाटली.

तेवढ्यात एका आईचा निरोप आला. लेकीला विचारले होते, बरी आहेस ना? तो थोरल्यापाशी रेंगाळला. थोरला खालच्या पायरीवर, रिकामा. निरोप पुढच्या वळणावर विझला.

"गेला बिचारा," नवा म्हणाला. "तुमचा कोण होता?"

"कोणी नाही. त्याचं देणं राहिलं माझ्याकडे."

थोरल्याने दिव्याकडून पुन्हा उजेड घेतला आणि वर जाऊन उभा राहिला. "म्हातारा सोवळ्यात बसलाय, शिवू नका," शेजारी म्हणाले. त्याने उजेड धरून ठेवला. अंग दुखत होते. बाहेर कारभारी आणखी कण मागवत होता.

लेकीचे उत्तर आले नाही म्हणून आईने पुन्हा विचारले. हा निरोप पहिल्याहून क्षीण होता. थोरल्याने उडी घेतली.

निरोप वळण ओलांडून गेला, पुढचे टप्पे ओलांडून गेला, लेकीच्या दाराशी पोचला. त्यातला कुठला उजेड आईचा आणि कुठला थोरल्याचा, हे तिला कळण्याजोगे नव्हते.

देणे फिटले.